पायलची हजेरी

माही लहान बहीण पायल एमएस्सी करते, केमिस्ट्रीत. मी दहावीच शिकलो, पण इतवारी बाजारातल्या माह्या भांड्याच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिले ओळखते. ती प्रॅक्टिकलले निघाली की मी रोज दुकानात थांबवायचो, "गिऱ्हाइकायले सांग वं, काय शिकून राहिली." ती घड्याळ पाहायची, पण माह्यासाठी थांबायची. उशिरा पोचली की गैरहजेरी लागते, हे मले ठाऊकच नव्हतं. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली अन् परीक्षेले बसू दिलं नाही.

मी तिच्या कॉलेजात जाऊन विभागप्रमुख मॅडमले भेटलो. म्हटलं, चूक माही आहे.

"नियम विद्यार्थ्याला लागतो, भावाला नाही," त्या म्हणाल्या.

तिचं सेमिस्टर गेलं. पायल एवढंच बोलली, "दादा, आता मले दुकानात थांबवू नको."