डोणगावात लिहिलं, मेहकरात उमटलं

डोणगावच्या आसपास लग्न ठरलं की मुलाकडचे आधी घोडीवाल्याला गाठतात आणि मुलीकडचे सत्यभामाबाईंना. मंगलाष्टकं लिहायची आणि मांडवात उभं राहून स्वतःच म्हणायची, हा बाईंचा उद्योग. छापील पुस्तक हातात धरून ओरडणारे गावोगाव पैशाला पासरी आहेत, त्यांचं सोडा. बाईंच्या अष्टकात नवरा-नवरी तर असतातच, पण आजा, आजी, मामा, आत्या असे सगळे नावानिशी येतात आणि तेही वृत्तात. एका नवरदेवाच्या मामाचं नाव असं आडमुठं होतं की कुठल्या ओळीत मावेना. बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं, घरचं लाडाचं नाव सांगा, नाहीतर ओळीबाहेर उभे राहा. एवढा मिशीवाला माणूस, मुकाट्याने 'बाळू' झाला.

साठी ओलांडली तरी आवाज असा खणखणीत की माईक बंद पडला तर मांडवात कोणाला पत्ता लागत नाही. आणि नेमाच्या भलत्याच पक्क्या. एकीसाठी म्हटलेलं अष्टक दुसरीसाठी वापरायचं नाही म्हणजे नाही. म्हणून झालं की तो कागद नवरीच्या ओटीत, नारळाबरोबर. तो तिच्यासोबत सासरी जायचा. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कॉम्प्युटरवर किंवा आणखी कुठे उरलेलं अष्टक पुसून टाकायच्या. ठेवलं तर काय बिघडतं, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "पडलेल्या अक्षदा वेचून कोनी पुन्हा टाकते का?" यावर कोण काय बोलणार!

कॉम्प्युटर मूळचा अनुपमाचा. अनुपमा ही बाईंची लेक, मेहकरला दिलेली. बसस्टँडजवळ तिचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तिने दुकानात नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आईला आणून दिला. पण प्रिंटर दुकानात आणि बाई डोणगावात, त्यामुळे प्रत्येक अष्टकाला मेहकरची वारी पडायची. बाई अष्टक पेनड्राइव्हमध्ये भरायच्या, पेनड्राइव्ह रुमालात, रुमाल ठेच्याच्या डब्यासोबत पिशवीत, आणि पिशवी कामरानच्या जीपमध्ये. कामरान डोणगाव-मेहकर जीप चालवतो. पिशवी दुकानावर पोचली असा अनुपमाचा फोन आला की बाई घरच्या कॉम्प्युटरवरून सगळं काढून टाकायच्या. जिकडे द्यायचं तिकडे दिलं, मग घरात पसारा कशाला, असा साधा हिशेब.

एकदा पेनड्राइव्ह जीपमधल्या हळदीच्या पोत्यात पडला आणि चार दिवसांनी पिवळाधम्मक होऊन सापडला. तेव्हा अनुपमाने डोक्याला हात लावला. पुढच्या खेपेला माहेरी आली ती ठरवूनच आली. इंटरनेट होतंच. तिने आईच्या आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर एकच फोल्डर जोडून दिलं आणि समजावलं, की यात ठेवलेलं इंटरनेटवरच्या एका जागेत जाऊन बसतं, त्या जागेला क्लाऊड म्हणतात. इथे शब्द बदलला की तिथे आपोआप बदलतो. आता पेनड्राइव्ह नको न कामरान नको.

बाईंचा विश्वास बसेना. अनुपमा मेहकरला पोचते न पोचते तोच बाई फोन कानाला लावून कॉम्प्युटरपुढे बसल्या. त्यांनी एक शब्द लिहिला आणि विचारलं, "काय दिसते?"

"हळद दिसते, आई."

"आन आता?"

"हळद लागली, असं दिसते."

बाई खुर्चीतून उठल्याच. काय तो आनंद! दुपारभर त्यांनी लेकीला धंदा करू दिला नाही. तिकडून अनुपमानेही गंमत केली. आईच्या 'हळद लागली' पुढे तिने 'कोणाला?' असं लिहून टाकलं. डोळ्यांदेखत आपल्या पडद्यावर तो शब्द उमटलेला पाहून बाईंनी भगवंतरावांना ओढत आणलं. भगवंतराव त्यांचे यजमान, जन्माचे शंकेखोर. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, जीप बंद पडली तर ढकलता तरी येते, हे बंद पडलं तर कोणाला हाका मारणार? बाईंनी त्यांना चहा दिला नाही त्या दिवशी.

नंतर आठवडी बाजारात ज्याच्या त्याच्याजवळ तेच. वांगी घेता घेता, कोथिंबीर निवडता निवडता, "इथं लिवलं का तिथं उमटते!" भाजीवाल्या जनकाबाईने हे इतक्यांदा ऐकलं की तिला पाठ झालं. जनकाबाईचा नवरा पुंजाजी भाजीचा मळा करायचा. तो वारल्यावर मळा, बाजार आणि छाया नावाची एकुलती लेक, सगळं तिने एकटीने ओढलं. छायाचं लग्न सुलतानपूरच्या हरिओमशी ठरलं आणि जनकाबाई पाटीभर भाजी घेऊन बाईंकडे आली. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "कन्यादान तं दीर करन. पन पोरीच्या बापाचं नाव तेवढं बसवा तुमी. मांडवात त्याच्या नावाचं काहीच नाही वो बाई."

आता हे काम नाजूक. मंगल कार्यात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि मुहूर्ताला रडारड होऊ द्यायची नाही. जोर जास्त लागला तर मांडव हुंदके देतो, कमी लागला तर नाव नुसतं यादीतलं वाटतं. बाईंनी जनकाबाईला खोदून खोदून विचारलं. पुंजाजीने वांग्या-मिरच्यांच्या वाफ्याकडेला लेकीसाठी एक मोगरा लावला होता, एवढं त्यातून निघालं. बस्स, बाईंना धागा मिळाला! मग मायलेकींचं जे सुरू झालं ते विचारू नका. बाईंनी डोणगावात ओळ लिहावी, अनुपमाने मेहकरात गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यातला एक शब्द फिरवावा, तो इकडे फिरलेला पाहून बाईंनी फोन करून भांडावं, आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द कबूल करावा. असं करत करत एके दिवशी पुंजाजीच्या दोन ओळींची जोडी जमली.

पुंजाजी जल घालुनी फुलविती वाफ्यात हा मोगरा,
गेले ते, परि आज ह्या पदरिही तो गंध आहे खरा.

बाईंनी ते भगवंतरावांना म्हणून दाखवलं. हा शंकेखोर माणूस उठून अंगणात गेला आणि चष्मा पुसत आत आला. तेव्हाच बाईंनी ओळखलं, की आजवरच्या साऱ्या अष्टकांत हे उजवं आहे.

पण सुलतानपूरच्या आधी जळगाव जामोदला एक लग्न होतं. तिकडचं अष्टक म्हणून, दिवसभराच्या एसटीने अंग खिळखिळं करून बाई घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमाप्रमाणे फडकं घेऊन कॉम्प्युटरपुढे बसल्या, आधी काच पुसली, मग अष्टक पुसलं. जळगावचं काढलं. शेजारी सुलतानपूरचं दिसलं. ते तर केव्हाचं मेहकरला पोचलेलं, उद्या तिथेच छापायचं, मग इथे दुसरं कशाला? पेनड्राइव्हच्या दिवसांतला हात तो, त्याला कोण सांगणार. बाईंनी तेही काढलं आणि घर सारवल्यासारखं समाधान वाटून पोळ्या करायला गेल्या.

लग्नाच्या सकाळी कामरानची जीप सांगून ठेवली होती. वाटेत मेहकरला थांबायचं, अनुपमाला आणि छापलेला कागद घ्यायचा आणि सुलतानपूर गाठायचं. जीप दुकानापुढे थांबली तेव्हा अनुपमा कॉम्प्युटरपुढे पांढरीफटक होऊन बसलेली.

"आई, अष्टक कुठी गेलं?"

"कुठी म्हंजे? तुह्याजवळच तं हाये."

"फोल्डर रिकामं हाये."

"मी माह्या घरचं पुसलं," बाई म्हणाल्या, "तुह्या दुकानातलं कायले जाईन?" आणि म्हणता म्हणता त्यांच्याच लक्षात आलं. इथे लिहिलं की तिथे उमटतं, हे साऱ्या बाजाराला सांगितलं होतं त्यांनी. मग इथे पुसलं तर तिथलं राहील कसं?  बाई तिथल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यावरच बसल्या.

अनुपमा कॉम्प्युटरवर काहीतरी शोधायला लागली तोच लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी तर आठवड्यापासून बसलेलीच. सोबत आलेल्या भगवंतरावांना आपली जुनी शंका आठवली, पण बायकोचा चेहरा पाहून ते आधी जीपकडे गेले. बाहेर कामरान हॉर्न वाजवू लागला, मुहूर्त कोणासाठी थांबणार नव्हता. अनुपमाने मोबाईल घेतला, उरलेल्या कोऱ्या पत्रिका घेतल्या, आईला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

तुम्ही म्हणाल, ज्या बाईने लिहिलं तिला पाठ नसेल का? अहो, इतक्यांदा बदललेलं अष्टक पाठ कसं राहणार! बाई डोळे मिटून म्हणून पाहत होत्या. पहिली ओळ धड यायची, दुसरीत अनुपमाचा खोडलेला शब्द घुसायचा आणि तिसरीत जळगाव जामोदच्या नवरदेवाचा काका मध्येच येऊन बसायचा. मोगऱ्याच्या जागी एकदा जाई आली, एकदा तुळस. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जनकाबाईने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता, एक नाव तेवढं मागितलं होतं, आणि तेच आपण फडक्याने पुसून आलो, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

अनुपमा मोबाईलशी झुंजत होती. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, क्लाऊडवर कचरापेटी असते, त्यात काही दिवस पडून राहतं, हे तिला ठाऊक होतं. पण कचरापेटी उघडायला रेंज तर हवी. पान निम्मं उघडायचं आणि अडकायचं. तिने सांगितलं तशी कामरानने एका चढावर जीप कडेला घेतली. "या जागी माहा फोन नेहमी लागते," तो म्हणाला आणि स्वतःच मान लांब करून तिच्या मोबाईलमध्ये पाहू लागला. चौघांची डोकी एका मोबाईलवर. पान उघडलं. त्यात जळगाव जामोद होतं, आणि त्याच्या शेजारी, जसंच्या तसं, सुलतानपूर.

अनुपमाने बोट ठेवलं आणि अष्टक परत आलं. बाईंनी लेकीच्या पाठीत असा धपाटा घातला की मोबाईल पडता पडता राहिला. भगवंतराव हसायला लागले ते थांबेचनात. कामरानने "या अल्लाह" म्हणून जीप काढली. प्रिंटर मागे राहिला होता, म्हणून अनुपमा वाचत गेली आणि बाई कोऱ्या पत्रिकेच्या पाठीवर हाताने लिहीत गेल्या. अक्षर हलू नये म्हणून कामरान खड्डे चुकवत हळू चालवी, मग मुहूर्त आठवून पळवी, त्यामुळे अष्टकाची निम्मी अक्षरं उभी आणि निम्मी आडवी झाली.

मांडवात पोचल्या तेव्हा अंतरपाट धरलेला होता. बाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही, माईक हातात घेतला. जनकाबाई रीतीप्रमाणे मांडवामागे तुळशीला पाणी घालत उभी होती. मुलीच्या आईने लग्न लागताना पाहायचं नसतं. पण कर्ण्यावरून सगळं ऐकू येत होतं. पुंजाजीची ओळ आली तशी मांडवातली कुजबुज थांबली. छायाने अंतरपाटाआड मान वर केली आणि रडायच्या ऐवजी हसली. मागे जनकाबाईचा तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी ती तो तुळशीवर तसाच धरून उभी होती.

अक्षता पडल्या, कागद छायाच्या ओटीत गेला. पंगतीनंतर जनकाबाई बाईंजवळ आली. "कागद तं पोरीसंगं गेला," ती म्हणाली, "आन तुमी उद्या पुसान. मंग माह्याजवळ काय राह्यते?"  बाईंनी जनकाबाईचा हात हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फडकं घेऊन कॉम्प्युटरपुढे बसल्या. काच पुसली आणि फडकं खाली ठेवलं. भगवंतरावांना पाठवून जनकाबाईला बोलावून घेतलं. तिच्या देखत त्यांनी जोडलेल्या फोल्डरच्या पोटात नवं फोल्डर केलं, त्याला 'पुसायचं नाही' असं नाव दिलं आणि सुलतानपूरचं अष्टक त्यात ठेवलं. मग मेहकरला फोन लावला. अनुपमाने दुकानातून ती ओळ वाचून दाखवली. वर तिने फोनवरून समजावून छायाच्या मोबाईलवरही ते फोल्डर उघडून दिलं. थोड्या वेळाने सुलतानपूरहून छायाचा फोन आला, आणि नव्या घरातल्या माणसांसमोर जरा दबक्या आवाजात तिनेही तेच वाचलं.

जनकाबाईला वाचता येत नव्हतं. तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "यातलं त्याचं नाव कोन्तं?" बाईंनी तिचं बोट धरून नावावर नेलं.

"आन हेच तिथंबी हाये? पोरीजवळ?"

"हाव. हेच."

जनकाबाईने बोट काढलं नाही. "जित्तेपनी मळा सोडून कुठी गेला नाही मानूस," ती म्हणाली, "आता पाहा, पोरीच्या सासरी जाऊन बसला."