पाणी न धरणारा पत्रा

घुग्घुसात पाण्याचा थेंब कुठे बसतो नि कुठून घरंगळतो याची चौकशी करत हिंडणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. हे शेजारी आयटीआयमध्ये पोरांना कानस धरायला शिकवायचे, पण जीव सगळा कमळाच्या पानात. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यात बसून तळ्यातली पानं आणायची आणि आल्यागेल्याला चहाआधी त्यावरून पळणारा थेंब दाखवायचा. चहा बहुतेक राहूनच जायचा. एकदा माझ्या डब्याचं झाकण नेलं, अ‍ॅसिडात बुडवलं आणि भोक पाडून परत दिलं. वर म्हणाले, अर्धं झाकण मस्त जमलं!

या वेडाचं कारण होत्या त्यांच्या घरच्या, आमच्या वहिनी. टिनाच्या छपरावर सिमेंट कारखान्याची धूळ बसायची, दवाने घट्ट व्हायची आणि वहिनी शिडी लावून ती झाडायच्या. खोकून खोकून बाई अर्धी व्हायची. कमळाचं पान आपलं आपण धुतं, मग पत्रा काऊन नाई, एवढंच यांचं म्हणणं. दोन वर्षं अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिडात टाकलं, उकळलं, मेणबत्तीवाल्याकडचं मेण पातळ करून चोपडलं. शेवटी ताटाएवढा एक पत्रा साधला. दिसायला मळकट, खरखरीत. पण त्या खरखरीत थरातच सगळी करामत. पाणी टाकलं की गोळ्या होऊन पळायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

तो बघायला चंद्रपूरहून एक प्राध्यापक आले. पटलं तर प्रयोगशाळा वापरू देणार होते, मग छपराएवढे पत्रे झाले असते. यांनी ऐटीत पत्रा मागवला. वहिनींनी आणला तो आरशासारखा लखलखीत. पाहुण्यापुढे मळका कसा ठेवायचा, म्हणून माउलीने सकाळीच राखेने घासला होता. पाणी ओतलं, ते पसरून चिकटून बसलं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं, तर यांनी माझा हात दाबला आणि वहिनींना म्हणाले, "मस्त चमकून राह्यला."

प्राध्यापक चहा पिऊन गेले ते गेलेच. तसा पत्रा पुन्हा जमला नाही.

पुढच्या वर्षी वहिनी दवाखान्यात होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, त्या साहेबाले काही समजलं नाई. मी तं किती घासून देल्ला होता."

मी म्हटलं, त्याला अक्कलच नव्हती, वहिनी. त्या हसल्या. यांनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. चार दिवसांनी वहिनी गेल्या.

छप्पर आता तेच झाडतात. मी एकदा म्हटलं, पुन्हा करून बघा ना तो पत्रा.

"आता कोनासाठी करू, भाऊ?" म्हणाले, आणि झाडू घेऊन शिडी चढले.