उस्तादांचा अर्धा तास

भुताखेतांचं मला सांगू नका. अकोट–अकोला रस्त्यावर कित्येक वर्षं लॉरी हाकली, मसणाजवळ पंक्चर काढले... एक भूत कधी पाना धरायला आलं नाही. तरी हे लिहितोय, कारण एका बाईचं बोलणं डोक्यातून जात नाही.

मला गाडी शिकवली काशीराम उस्तादांनी. दोन वर्षं नुसती लॉरी पुसून घेतली, मगच स्टिअरिंगला हात लावू दिला. एकदा जॅक सरकून त्यांच्या डाव्या पायावर गाडी आली होती, तेव्हापासून तो पाय ओढत चालायचे. म्हणून त्यांना दगडांचं वेड. गाडी थांबली की चाकाला मोठा दगड, त्यावर लहान अडकवायचा, अन् टाचेनं दोनदा ठोकायचं. मी कंटाळा केला की खेकसायचे, "हँडब्रेकचा काय भरवसा बे? आधी दगड, मंग बिडी!" त्यांच्यामुळेच मी टेस्ट पास झालो. लायसन्स हाती आलं, अन् मी दगड लावणं सोडलं.

जर्मनीच्या लढाईचे दिवस होते. नवा मोटार कायदा आला — सलग पाच तास गाडी चालवली की अर्धा तास आराम. उस्तादांनी तो नियम धरून ठेवला. मालक म्हणाले, कापसाच्या हंगामात कसला आराम? तासांच्या नोंदीच्या पुस्तकात आराम झाल्याची आधीच सही करा अन् चला. उस्तादांनी सही केली नाही, त्यांना घरी बसवलं. अन् त्यांची सीट कोणी घेतली? मी घेतली. खोटी सही करायला मी तयार झालो. पुढे त्यांना तोंड दाखवायला गेलो नाही. पोळ्याच्या सुमारास ते वारले, तेव्हाही मी फेरीवरच होतो. लाज वाटते लिहायला.

पुढच्या फाल्गुनातली दुपार. अकोटहून कापसाच्या गाठी भरल्या होत्या. शेजारी पारूबाई माळीण, मांडीवर तान्ही लेक, मागे तिच्या वांग्यांच्या टोपल्या. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून लॉरी कोळशाच्या गॅसवर, त्याच्या धुरानं डोकं जड झालेलं. पुस्तकात माझा आराम झालेला होता, सहीसकट! अंगात मात्र पहाटेपासूनचे नऊ तास होते. पुढे पूर्णेचा उतार आला, खाली पुलावर बैलगाड्यांची रांग दिसली... एवढंच आठवतं.

जागा झालो तर लॉरी उताराच्या तोंडाशी, निंबाखाली उभी. इंजिन बंद. खाली उतरून पाहतो — पुढच्या चाकांना दगड! मोठा खाली, लहान वर, गच्च बसवलेले.

"हे दगड कोणी लावले?"

"अवो, तुमीच तं लावले, भाऊ!" पारूबाई म्हणाली. "गाडी उभी केली, दगड लावून टाचेनं ठोकले. म्हने, अर्धा तास मले कोनी हलवू नका. अन् झोपले."

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पण मनाची समजूत घातली... शिकलेलं हातात उतरतं, झोपेच्या गुंगीत केलं असेल. इथवर मलाही पटलं.

अकोल्यात तिच्या टोपल्या उतरवून दिल्या. ती माझ्या पायांकडे पाहत राहिली.

"आता बरा दिसते पाय."

"कोणता पाय?"

"डावा. मघा दगड लावाले गेले तं ओढत चालून राहिले होते. मी म्हटलं, एवढं दुखते तं गाडी काहून चालवते हा मानूस, बाप्पा!"

माझ्या पायाला कधी साधं खरचटलंही नव्हतं. काशीराम उस्तादांना पाहिलंय का, असं मी तिला विचारलं. तिनं नावही ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी पुस्तक मालकांपुढे ठेवलं. म्हटलं, खोटी सही आता होणार नाही. सीट गेली. सध्या धामणगाव–अमरावती दुसऱ्याची लॉरी चालवतो. डॉक्टर म्हणतात, गॅसचा धूर डोक्यात गेला. बायको म्हणते, उस्तादांनी तुमाले माफ केलं. माफ केलं की खडसावलं, मला अजून उलगडलेलं नाही. पाच तास झाले की मी थांबतो, दगड लावतो, टाचेनं दोनदा ठोकतो. पण त्या अर्ध्या तासात डोळा लागत नाही. मी जागा असताना त्यांनी एकदा यावं, मला त्यांच्या पाया पडायचंय... म्हणून रस्त्याकडे पाहत बसतो.