बाबांचा आवाज काढला तेव्हा

ऑफिसात तिला झाडूताई म्हणत. कोणाचाही कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की ही बाई काळी खिडकी उघडून दोन-चार कमांड ठोकणार, नको असलेली पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, उचलून फेकणार आणि चहा गार व्हायच्या आत आपल्या जागेवर परत. काढण्याआधी यंत्र बिचारं यादी दाखवतं: याच्याबरोबर हेही जाईल, तेही जाईल, चालेल का? झाडूताई यादी वाचायच्या भानगडीत पडत नसे. बोट आपोआप 'वाय'वर, म्हणजे 'हो'वर, पडे.

सुट्टीत माहेरी आली, तर तिथेही हात शिवशिवलेच. बाबांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा ते "असू दे" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून जे आडवे झाले, ते कित्येक महिने उठायचं नाव घेईनात. त्यांना उठवलं ते पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या एका जुन्या, खरखरीत आवाजानं. आता हेडफोन लावून ते तो अशा वेगानं ऐकत की बाकीच्यांना नुसती गुणगुण वाटे. बातम्या, पुस्तकं, मित्रांचे मेल, सगळं त्या आवाजाच्या भरवशावर.

त्या सकाळी बाबा ऐकत बसले होते आणि मागच्या टेबलावर ती आपल्या लॅपटॉपवरून त्यांच्या कॉम्प्युटरमधला गाणी वाजवायचा एक बिनकामाचा प्रोग्राम काढत होती. यादी आली. वाय.

बाबांची मान ताठ झाली. "काय झालं गं?"

तिनं यादी आत्ता वाचली. प्रोग्रामच्या पाठोपाठ बाबांना वाचून दाखवणारा आवाजही गेला होता. तोंडातून शब्द फुटेना.

"अगं, आहेस ना तिथे?" बाबा चक्क ओरडले.

"आहे, बाबा. जरा साफसफाई करत होते. आवाज आणते परत."

बाबांनी हेडफोन काढला. "असू दे," म्हणाले, चाचपडत पलंगाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

ते पाहून ती लॅपटॉपकडे वळली. इन्स्टॉलची कमांड दिली. यंत्र म्हणालं, असं पॅकेज सापडत नाही. पुन्हा दिली. तेच. एवढा जुना आवाज सर्व्हरवरून कधीच हद्दपार झाला होता. नवे होते, गोड, माणसासारखे. पण वेग वाढवला की त्यांचा लगदा होतो, हे बाबांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. नवा चालेल का, हे विचारायची तिची छाती होईना. पलंगावर हालचाल नव्हती.

मग तिला सुचलं. उतरवून घेतलेल्या पॅकेजची प्रत यंत्र आपल्याजवळ ठेवतं. ऑफिसात ती तो कप्पाही न चुकता रिकामा करते. इथे अजून हात पोचला नव्हता. तिनं कप्पा उघडला. फाइल होती! या वेळी मात्र तिनं प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि मगच वाय दाबलं.

खरखर सुरू झाली. तिनं बाबांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं.

"चुकलं माझं, बाबा. न बघताच काढलं."

बाबांनी हेडफोन नुसताच हातात धरला.

"आवाज गेला म्हणून नव्हतो गं पडलो, घाबरून पडलो," ते म्हणाले. "ऐकता ऐकता एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं, आता कानही गेले. म्हणून तुला हाक मारली. आणि तू बोलेचनास."