भांगेच्या चटणीचा नमुना

परभणीत अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी काम करते. हळद, बेसन, सोयाबीनचं तेल, शेंगदाण्यातली बुरशी, यातच माझे दिवस जातात. लबाड माणसं मला नवी नाहीत. मिरचीपुडीत रंग घालून वर आम्हालाच चहा पाजणारे व्यापारी मी पाहिलेत. पण त्यांना निदान आपण लबाड आहोत एवढं तरी ठाऊक असायचं. भांगेच्या बियांची चटणी घेऊन आलेल्या गृहस्थाला मात्र आपण लोकांवर उपकार करतोय असंच वाटत होतं.

तो जिंतूरकडचा. पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या जाहिराती करून परत आलेला, आता परभणीत दुकान काढलेला. काचेची बरणी, तिच्या गळ्याला सुतळीची गाठ, लेबलावर हिरवं पान आणि सगळा मजकूर इंग्रजीत.

"भांगेचं बी ना?" मी विचारलं.

"भांग नका म्हणू मॅडम. हेम्प म्हणा. सुपरफूड आहे. आपल्याकडच्या लोकांना त्याची किंमत नाही."

आपल्याकडचे लोक, हे तो असं म्हणाला जणू स्वतः विमानातून उतरून थेट आमच्या काउंटरवर आला होता.

खरं तर त्या बियांत वाईट काही नाही. ती खायला कायद्याची परवानगी आहे. नशा बियांच्या आत नसते. ती असते पानाफुलांत आणि टरफलाला चिकटलेल्या चिकात. बी चाळून, पाखडून, धुऊन घेतलं की काळजी मिटली. तेवढ्यासाठीच आम्ही यंत्रावर नशेचं द्रव्य मर्यादेत आहे की नाही ते बघतो. जंतू आणि बुरशीही बघतो.

त्याचा नमुना सगळ्यांत पास झाला. पण भिंगाखाली धरला तेव्हा मला तो पटेना. इतकं निवडलेलं, इतकं स्वच्छ वाटण विकण्यासाठी कोणी करत नाही. पोरगी दाखवायच्या दिवशी घर आवरतात, तसं ते होतं. मी आमच्या सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या मालकांना म्हटलं, "सर, याच्या दुकानातून एक बरणी आपण स्वतः उचलू."

"मॅडम, आपण नमुना तपासतो, माणूस नाही," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना फार आवडतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात.

रिपोर्टच्या तळाशी आम्ही लिहितो की हा निकाल फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे. त्या चटणीवाल्या भल्या माणसानं तेवढी ओळ कापली आणि उरलेल्या रिपोर्टचं बॅनर केलं. शहरात प्रदर्शन भरलं होतं, तिथं त्याच्या स्टॉलवर ते टांगलेलं मी पाहिलं. सरांना फोन केला, तर ते खूश. "आपली फुकट जाहिरात होतेय की!"

त्याच सुमारास माझी मावशी गुडघे दाखवायला माझ्याकडे आली होती. पालमजवळच्या खेड्यात राहते. काही वर्षांपूर्वी बायका गोळा करून तिनं गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. सरळ, कडक बाई. मी कामावर असताना ती माझ्या शेजारणीबरोबर प्रदर्शनाला गेली आणि ती चटणी घेऊन आली. स्टॉलवर त्यानं तिला सांगितलं होतं, गुडघ्यांवर रामबाण आहे. भांगेचा शब्दही काढला नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले, तर मावशी पलंगावर बसून एकटीच हसत होती.

"भित्त श्वास घ्यायलीय बघ," ती म्हणाली.

मग एकदम तिचा चेहरा पडला. तिनं माझा हात घट्ट धरला. "माझे पाय कुठं हायत गं? मी मरायले का?"

तिचं तोंड कोरडं पडलेलं, छाती धडधडत होती. ओट्यावर ती बरणी उघडी दिसली आणि काय झालंय ते मला कळलं. सकाळपासून तिनं भाकरीबरोबर चांगली वाटीभर चटणी खाल्ली होती. शेजारणीला सोबत घेऊन, रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि चारचौघांत विचारलं, "आजींनी भांग घेतलीय का?"

संध्याकाळपर्यंत ती सावरली. पण शेजारणीचं माहेरही पालमकडचं. मावशी दवाखान्यातून सुटायच्या आधी बातमी गावात पोचली होती.

उरलेली चटणी मी प्रयोगशाळेत नेली. यंत्र लावायच्या आधीच भिंगातून पानांचा चुरा दिसला. कचऱ्यासकट बी वाटलं होतं. शिवाय वाटण्याआधी भाजलेलं. कच्च्या पानाची नशा फारशी चढत नाही, भाजलं की ती जागी होते. मला हेम्प शिकवणाऱ्याला एवढं कळायला हरकत नव्हती. यंत्रावर आकडा मर्यादेच्या बराच वर गेला.

सरांना मी मावशीचं सगळं सांगितलं. त्यांनी आकडा बघितला. "हा नमुना आपल्याकडे रीतसर आलेलाच नाही," ते म्हणाले.

"मी अन्न विभागाकडे तक्रार देणार आहे."

"द्या. आपल्या लॅबचं नाव तेवढं घेऊ नका."

मावशी कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

मावशीनं मात्र माझ्या तक्रारीची वाट पाहिली नाही. "मला त्याच्याकडं घेऊन चल," म्हणाली. दुकानात त्या गृहस्थाची बायको गल्ल्यावर बसली होती, तो दोन गिऱ्हाइकांना माल दाखवत होता. मावशीनं फळीवरची बरणी उचलली, झाकण काढलं आणि त्याच्यापुढं धरली.

"गुडघ्याला चांगली म्हणलास न्हवं? मंग खा की."

"काकू, माझं सध्या फास्टिंग चालू आहे."

"मंग बायकोला दे."

बायको पटकन बोलून गेली, "मी नाही बाई खाणार. मागच्या वेळी लय गरगरलं मला."

गिऱ्हाइकांनी हातातल्या बरण्या खाली ठेवल्या. तो बायकोकडे असा बघत राहिला, जणू चूक तिचीच. आपण घरात खात नाही ते म्हाताऱ्या बाईला औषध म्हणून विकलं, याचं त्याच्या तोंडावर काही नव्हतं. "सप्लायरनं फसवलं आम्हाला," एवढंच तो म्हणाला.

माझ्या तक्रारीवरून अन्न विभागाचे अधिकारी आले, दुकानातल्या बरण्या सील करून घेऊन गेले. त्या नापास झाल्या, माल जप्त झाला, दुकानाला कुलूप लागलं. सर मला म्हणाले, "बघा, आपला रिपोर्ट तर बरोबरच होता." होता बरोबर. अशा बरोबर असण्याची मला शिसारी येते.

गावात मावशीची फजिती व्हायची ती झालीच. ज्यांची दारू तिनं बंद केली होती ते पारावरून ओरडायचे, "आमाला बी द्या की थोडी!" तिनं बायका जमवल्या, पारासमोरच बसवल्या आणि सगळं स्वतः सांगितलं, भिंतीच्या श्वासासकट. मग पुरुषांकडे वळून म्हणाली, "मला फसवून खाऊ घातली. तुमाला कोण फसवायलंय?" पुढं कोणी ओरडलं नाही.

त्या गृहस्थाचं दुकान पुन्हा उघडलंय. आता तो ज्वारीची बिस्किटं विकतो. परभणीत, तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी खाणाऱ्या लोकांना, ज्वारी किती गुणाची हे इंग्रजीत समजावून सांगतो. फीत कापायला आमचे सर गेले होते. नमुना त्यानं स्वतःच आणून दिला. तो मी हातात घेणार नाही म्हटल्यावर सरांनी दुसऱ्या टेबलावर पाठवला. बिस्किटं पास झाली. ज्वारीच होती ती.