तिने मला परत बोलावलं नाही

शाळेने माझ्या मुलीला फसवलं. प्रवेश देताना मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे मुलं खेळत शिकतात. वर्षभर मुलगी तोंडावर बोट ठेवून बसली आणि वर मलाच बोलावून सांगितलं, "ही बोलतच नाही. मंद आहे." मी टेबलावर हात आपटला आणि तिला घरी घेऊन आले.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. घरी आणली खरी, पण शिकवायचं काय? मी सातवी नापास. मला एकच काम येत होतं: भाईंदर, मीरा रोडच्या इमारतींचे जिने चढायचे, जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. मग दुपारी आम्ही तेच खेळायला लागलो. ती घरमालकीण, मी भांडीवाली. पातेल्यांनी पाणी मोजलं, साडीच्या घड्यांवर अर्धा-पाव शिकलो, झाकणं लादीवर ठेवून खडूने गोल काढले. ती खुदुखुदु हसायची, पण तोंडातून शब्द नाही. बाईंचं खरं निघालं तर, या विचाराने मी रात्री उठून तिच्याकडे बघत बसायचे.

आमच्या धंद्यात सौदा अडला की टोपली उचलून निघायचं. गिऱ्हाईक हाक मारतंच.

एके दुपारी तिने बापाचा शर्ट पुढे केला आणि मोठ्या पातेल्यावर बोट ठेवलं. मी शर्ट उजेडात धरला. काखेत मूठ जाईल एवढं भोक. मी नुसता वाढायचा डाव पुढे सरकवला. तिने नाही म्हणून मान हलवली. मी टोपली डोक्यावर घेऊन बाहेर पडले आणि जिन्यात थांबले. हाक येईना.

शेजारीण दारात आली. "क्या भाभी, अपने ही घर में बेचती हो?"

"चुप बैठो, धंदा चल रहा है."

शेवटी मीच परत गेले. आमच्या घरमालकीण बाईसाहेब शर्टाची घडी घालत बसल्या होत्या, भोक आतल्या बाजूला, अगदी मी घालते तशी. वर न बघता म्हणाल्या, "पातेलं ठेव इकडे. डाव वरती दे."

मी दोन्ही दिलं. वर एक झाराही दिला. डोळे पुसायला तोच फाटका शर्ट घेतला.

मुख्याध्यापिकाबाई, तुमच्या फाटकावर अजून पाटी आहे, मुलं खेळत शिकतात म्हणून. मला जिन्यातून परत यायला लावणारं गिऱ्हाईक त्याआधी कधी भेटलं नव्हतं. तिला वर्षभर गप्प कुणी बसवलं? मी अजून उत्तर मागतेय.