चिवड्याचा डबा कँडीत राहिला

सुमनताई, गुडघा कसा आहे? वामनराव, खोकला गेला का? हेंद्रेपाड्याच्या मंडळींनो, आम्ही दोघं श्रीलंकेत सुखरूप आहोत.

आज कँडीच्या बसस्टँडवर बघतो तर सॅकमध्ये पासपोर्ट नाहीत, आणि उद्या विमान! सगळी सॅक फुटपाथवर उपसली.

बायको म्हणाली, "अहो, घरी दागिने तांदळात ठेवतो तसे तुम्हीच चिवड्यात पुरलेत ना?"

तो डबा तर निघताना, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंना भेट दिला होता! रिक्षाने परत गेलो. बाई पासपोर्ट घेऊन दारातच उभ्या. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "चिवडा छान, पण ही पुस्तकं चावता येत नाहीत."

जीव भांड्यात पडला. आता पासपोर्ट बायकोकडे आहेत. कुठे ठेवलेत, सांगत नाही.

तुमच्याकडे अशा मोलाच्या वस्तू कोण सांभाळतं? लवकर लिहा.